अंगणाला काम हवं

घटस्थापना उलटली आणि पावसानं काढता पाय घेतला, की कोकणात घरोघरी एक काम निघतं: खळं, म्हणजे घरापुढचं मातीचं अंगण, करायचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गेल्या वर्षीचं सारवण त्यात केव्हाच वाहून गेलेलं असतं. घरापुढं गवत माजलेलं असतं, पागोळ्यांखाली चर पडलेला असतो. मग गवत उपटायचं, वरची माती कुदळीनं उकरायची, ढेकळं फोडायची, खड्ड्यांत नवी माती टाकायची, पाणी मारायचं आणि ते मुरू द्यायचं. माती हाताला ओलसर पण न चिकटणारी झाली की धुमसानं ठोकायची. त्यानंतर चोपणं घेऊन बसायचं.

चोपणं म्हणजे मूठ असलेला जाड, सपाट लाकडी ठोकळा. चोपायला घराच्या जोत्यापासून सुरुवात होते आणि एकेक पट्टा घेत माणूस मागं मागं सरकत गडग्याकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाकडे, जातो. दणका जोराचा लागत नाही, सारखा लागतो. चोपता चोपता मातीतली ओल वर येते आणि पृष्ठभागावर हलकी चकाकी धरते. दुसऱ्या दिवशी उन्हानं बारीक तडे दिसू लागले की पाण्याचा हात फिरवून पुन्हा चोपायचं. तडे धरायचे थांबले की शेणाचं सारवण. काही घरांत शेणात कोळशाची पूड घालतात, त्यानं जमीन काळीभोर दिसते. उतार मात्र आधीच काढून ठेवलेला असतो, घराकडून बाहेर, डोळ्याला जेमतेम कळेल एवढा. तुळशीच्या लग्नापर्यंत हे सगळं उरकायचं असतं, कारण त्या संध्याकाळी ऊस, चिंचा-आवळे आणि सगळी वाडी याच जमिनीवर येणार असते.

घराबाहेरची जागा सुखाची कशी करावी, असा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना पडतो. कुणी गावी घर बांधत असतं, कुणाला शहरात फ्लॅटला लागून छोटी गच्ची मिळालेली असते, कुणाची नुसती चार फुटी बाल्कनी असते. उत्तरादाखल बाजारात झोपाळे, वेताच्या खुर्च्या, प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणि दिव्यांच्या माळा मिळतात. हे सगळं आणून ठेवलेली, आणि तरीही महिन्यातून एकदाही कुणी न बसणारी अंगणं आणि बाल्कन्या मी भरपूर पाहिल्या आहेत. उलट एकही खुर्ची नसलेलं खळं पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसांनी भरलेलं असतं. हा फरक कशामुळे पडतो, हे समजून घ्यायला खळ्याचं वर्ष पाहावं लागतं.

खळ्याचं वर्ष

कार्तिकात भात झोडून होतं, मग ते वाळत पडतं. पुढं कुळीथ, पावटा येतात. सुपारीची वाडी असेल तर न सोललेली पिकी सुपारी महिना-दीड महिना उन्हात पडून असते आणि अधूनमधून हलवावी लागते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती याच खळ्यात येऊन बसते. फाल्गुन-चैत्रात काजूच्या बिया. वैशाखात तर जागा पुरत नाही. रातांबे फोडून साली वेगळ्या करायच्या, रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवून वाळवायच्या आणि पुन्हा बुडवायच्या. असे पुट देत देत आमसुलं होतात. शेजारी ताटांत फणसाची आणि आंब्याची साठं एकावर एक थर चढवत वाळत असतात. पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या, आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, लाकडं, सगळं तिथंच. त्यात मुंबईहून आलेली मुलं, लग्नाची पंगत, दुपारची वामकुक्षी आणि रात्रीच्या गप्पा.

नीट पाहिलं तर गप्पा कामाच्या कडेनं होतात. वाळवणावर कावळे, कोंबड्या आणि माकडं येऊ नयेत म्हणून कुणीतरी राखणीला बसतं. त्याच्याशी बोलायला दुसरं येऊन टेकतं. सुपारी हलवायला आलेली बाई दहा मिनिटं सावलीत बसते. जिथं रोजचं काम आहे तिथं वावर आहे, आणि जिथं वावर आहे तिथं बसणं आपोआप होतं. विसाव्यासाठीच म्हणून राखून ठेवलेल्या जागेत जायला मात्र दर वेळी वेगळं कारण शोधावं लागतं, आणि ते सापडत नाही.

म्हणून घराबाहेरच्या जागेचा विचार करताना पहिला प्रश्न असा विचारावा: या जागेला काम काय देणार? धुणं वाळत घालणं, भाजी निवडणं, सायकल पुसणं, धान्याला ऊन दाखवणं, मुलांचा दिवाळीतला किल्ला, कुंडीतला कढीपत्ता तोडणं, सकाळचा चहा, यातलं काहीही चालेल. पण दोन-तीन कामं तरी अशी हवीत की ती केल्याशिवाय दिवस पुढं सरकत नाही. त्या कामांना लागणारं ऊन, सावली, पाणी आणि टेकायची जागा यांची सोय लावली की जागेचं निम्मं नियोजन होऊन जातं.

मांडव आणि सूर्य

तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे खळ्यावर मांडव चढतो. मेढी रोवायच्या, त्यांवर आडवे बांबू किंवा पोफळीचे वासे टाकायचे आणि वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पसरायचे. पावसाच्या तोंडाशी, आगोटीच्या कामांत, हा मांडव उतरवतात. चांगले बांबू पडवीत जातात, जुने झाप न्हाणीच्या चुलीत.

या मांडवाची करामत त्याच्या तात्पुरतेपणात आहे. रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. पुण्या-मुंबईत हाच शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला येतो. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. त्यामुळे आठ फूट उंचीच्या मांडवाखाली मे महिन्यात दुपारी पूर्ण सावली असते, तर डिसेंबरात दक्षिणेच्या कडेनं सुमारे सात फूट आत ऊन शिरतं. थंडीत म्हाताऱ्या माणसांना शेकायला आणि वाळवणाला तेवढं पुरतं. पावसाळ्यात, म्हणजे ऊन मुळात कमी असतं तेव्हा, मांडव नसतोच, आणि घरात उजेड येतो.

आता बऱ्याच घरांपुढं लोखंडी पाइप आणि पत्र्याचा कायमचा मांडव दिसतो. त्यात चूक काढण्यासारखं नाही. दर वर्षी मेढी रोवायला गावात तरुण माणसं राहिलेली नाहीत, आणि पत्र्याखाली पावसातही कपडे वाळतात. पण पत्रा तापतो आणि ती धग खाली फेकतो. करायचाच असेल तर तो उंच घ्यावा, दहा फुटांच्या आसपास. घराची भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये गरम हवा वर निघून जायला फट ठेवावी. आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली झापांचा किंवा बांबूच्या तट्ट्यांचा एक थर बांधावा. त्याहून बरं म्हणजे सगळं अंगण न झाकता घरालगतचा आठ-दहा फुटांचा पट्टा पत्र्याखाली घ्यावा आणि पुढच्या भागावर काढता-घालता येणारी जाळी लावावी. शेडनेट ५० टक्के, ७५ टक्के अशा सावलीच्या प्रमाणात मिळतं. माणसांना ७५ ठीक. खाली भाजीपाला लावायचा असेल तर ५० च्या वर जाऊ नये.

पश्चिमेच्या उन्हाची गोष्ट वेगळी. दुपारी चारनंतर सूर्य खाली येतो आणि ऊन आडवं घुसतं. डोक्यावरचं छप्पर कितीही मोठं असलं तरी ते हे ऊन अडवू शकत नाही. तिथं उभा आडोसा लागतो: बांबूचा तट्ट्या, कापडी पडदा किंवा तारेवर चढवलेली वेल. मधुमालती, कृष्णकमळ, गारवेल दाट वाढतात. दोडका, दुधी, वाल, तोंडली चढवली तर सावलीबरोबर ताटात भाजीही येते. शहरातल्या पश्चिमेच्या बाल्कनीत संध्याकाळी कुणी बसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे आडवं ऊन असतं, आणि त्यावरचा इलाज दहा फूट तार आणि दोन वेली इतका स्वस्त आहे.

वारा कुठं, पाणी कुठं

महाराष्ट्र एका हवेचा नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो, पण हवा कोरडी असते. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून तिथं वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारतात, संध्याकाळी अंगणात सडा टाकून जमीन निववतात, आणि मग उघड्यावर बाज टाकून झोपतात. रात्री उघडं आभाळ जमिनीतली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे पहाटे पांघरूण लागतं. दिवसा आतल्या खोलीत, रात्री अंगणात, असा घराचा वापरच तिथं फिरता आहे.

हेच मुंबई-कोकणात करून पाहिलं तर पदरी फक्त चिकचिक पडते. हवा आधीच दमट असल्यामुळे तिथं पाणी फारसं उडत नाही. पाण्याचे तुषार सोडणारे पंखे समुद्राकाठच्या गच्चीवर बसवून लोक निराश होतात ते यामुळेच. किनाऱ्यावर सुख देतो तो वारा. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो. त्याची वाट मोकळी ठेवली की निम्मं काम झालं. कंपाउंडची भिंत सात फूट उंच आणि बंद बांधली तर अंगण कोंडतं. जांभ्याचा गडगा कमरेइतकाच असतो, त्यावरून वारा सरळ येतो आणि पलीकडच्या माणसाशी बोलताही येतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारातला बाल्कांव, म्हणजे समोरासमोर बसायचे दगडी बाक असलेला छपराखालचा सोपा, याच हिशेबानं रस्त्याकडे आणि वाऱ्याकडे तोंड करून असतो.

देशावर पुण्याच्या वाड्यांनी तिसरी वाट काढली. चहूबाजूंनी सोपे आणि मध्ये चौक. चौक लहान आणि भिंती उंच, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ फरशीवर सावली राहते. कात्रजच्या तलावातून नळानं आलेलं पाणी हौदात पडायचं, आणि धुणं-भांडी, पाणी भरणं, मुलांच्या मुंजी हे सगळं तिथंच चालायचं. घर बाहेरून बंद, आतून उघडं. आजही ज्यांच्या भूखंडाच्या तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आहेत त्यांनी पुढं-मागं तीन-तीन फूट सोडून वाया घालवण्याऐवजी, नियमात बसत असेल तिथं, ती मोकळी जागा मध्यभागी एकवटता येईल का, हे आर्किटेक्टला जरूर विचारावं.

पाण्याचं दुसरं काम म्हणजे निघून जाणं. अंगण बिघडतं ते बहुतेक वेळा पाणी साचल्यानं. दर मीटरला एक ते दीड सेंटीमीटर उतार पुरेसा होतो. त्याहून कमी असेल तर डबकी, फार जास्त असेल तर खुर्ची डुगडुगते. पागोळ्या जिथं पडतात तिथं खडीनं भरलेला चर काढला की भिंतीवर चिखल उडत नाही. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी परसात सोडून त्यावर केळी, अळू, कर्दळ लावायची जुनी रीत आजही सगळ्यात स्वस्त व्यवस्था आहे. केळीला भरपूर पाणी लागतं, अळू ओल्या जमिनीत फोफावतं, आणि सांडपाणी गटारात न जाता मुळांना मिळतं. साबण फार वापरला जात असेल तर एका ठिकाणी सतत पाणी सोडू नये, आळी बदलत राहावीत.

पायाखाली काय

सारवलेल्या खळ्याचं कौतुक करताना एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी: ते सारवण बहुतेक घरांत बायकांनी केलं. गुडघ्यावर बसून, शेणाच्या पाट्या वाहून, वर्षानुवर्षं. गोठे रिकामे झाले तेव्हा शेणही संपलं. तेव्हा खळ्यात कोबा आला तो कुणी परंपरा विसरलं म्हणून आलेला नाही. कंबर दुखते म्हणून आला. ज्या सोयीसाठी एकाच माणसाला रोज झिजावं लागतं, ती सोय नव्हे. त्यामुळे मातीचं अंगण हवं असेल, तर ते वर्षातून एकदा कोण करणार आणि आठवड्याला कोण सारवणार, हे घरात आधी ठरवावं. पुरुष हात लावणार नसतील तर कोबाच बरा.

मधला मार्ग आहे. वाळवणाच्या आणि धुण्याच्या पट्ट्यात कोबा किंवा फरशी करावी आणि बाकीची जमीन उघडी ठेवावी. सगळं अंगण सिमेंटनं बंद केलं तर तीन तोटे होतात. पाऊस जमिनीत मुरत नाही. झाडाच्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही. आणि दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री उशिरापर्यंत धग देत राहतं. चिरे वाळूवर बसवून सांध्यांत माती भरली तर पाणी मुरतं आणि पायही टिकतो. सावलीतल्या चिऱ्यावर मात्र पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो, म्हणून वाटेवर चिरा खरबरीतच हवा. काळा कडप्पा उन्हात अनवाणी पायाला चटका देतो, त्याला सावलीतच जागा द्यावी. शहाबादी फरशी पॉलिश न करता वापरली तर देशावरच्या अंगणाला उत्तम. चकचकीत टाइल उघड्यावर कुठंही नको.

शरीराचा हिशेबही इथंच करावा. बसायचा कट्टा ४० ते ४५ सेंटीमीटर उंच असला की म्हाताऱ्या माणसाला उठताना हात टेकावा लागत नाही. पायरी १५ सेंटीमीटरहून उंच नसावी आणि पाऊल पूर्ण मावेल इतकी, म्हणजे ३० सेंटीमीटर, रुंद असावी. जोत्याच्या तीन-चार पायऱ्यांना एका बाजूला धरायला कठडा असावा. अनेक घरांत आजी-आजोबा अंगणात येत नाहीत त्यामागं फक्त हा नसलेला कठडा असतो.

शहरात उरलेलं आभाळ

मुंबईत घराबाहेरच्या जागेचं काय झालं, ही बरीचशी नियमांची कथा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयमध्ये, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकात, मोजली जात नसे, आणि अधिमूल्य भरून ती बंदिस्तही करता येत असे. साहजिकच बाल्कन्या काचेआड गेल्या आणि दिवाणखान्यात मिसळल्या. फ्लॉवर बेड म्हणून सवलतीत दाखवलेल्या जागाही खोल्यांना जोडल्या गेल्या. २०१२ च्या जानेवारीत नियम बदलले, या जागा एफएसआयमध्ये धरल्या जाऊ लागल्या आणि बदल्यात फंजिबल एफएसआय, म्हणजे अधिमूल्य भरून हवं तिथं वापरता येणारं जादा चटईक्षेत्र, आला. परिणाम असा, की जिथं प्रत्येक चौरस फुटाचा भाव लागतो तिथं उघडी जागा बांधणं बिल्डरला परवडेनासं झालं.

असं असूनही याच महानगरात वेगळा विचार झालेला आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत अडचण अशी मांडली: मुंबईत वारा आणि समुद्राचं दृश्य पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पावसाची झडही पश्चिमेलाच. जुने बंगले याला चहूबाजूंच्या व्हरांड्यानं उत्तर देत असत. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीत नेला आणि प्रत्येक घराला कोपऱ्यात दुमजली उंचीची खोल गच्ची दिली. ती श्रीमंतांची इमारत होती. पण त्याच दशकात, नवी मुंबईत बेलापूरला, त्यांनी साध्या उत्पन्नाच्या माणसांसाठीही वसाहत आखली. सात-सात घरं सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या एका अंगणाभोवती. असे तीन गट मिळून सुमारे बारा मीटरचं मोठं अंगण. प्रत्येक घराला स्वतःचा उघडा तुकडा, आणि कुणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं घर वाढवता यावं. पुढं अनेकांनी ते इतकं वाढवलं की स्वतःचा उघडा तुकडाच बांधकामाखाली गेला. तरी सामाईक अंगणांमुळे ती वसाहत आजही वेगळी उठून दिसते. उष्ण प्रदेशात आभाळाखालची जागा ही खोलीइतकीच उपयोगाची असते आणि गरिबाला तर तिची जास्त गरज असते, हे कोरियांनी आयुष्यभर मांडलं. खळं पाहिलेल्या कुणालाही ते पटवून द्यावं लागत नाही.

चार फुटी बाल्कनीतही हे तत्त्व चालतं. भिंतीला दुमडून लागणारी फळी लावली की भाजी निवडायला टेबल होतं. कपड्यांची दोरी छताला, वरखाली होणाऱ्या कप्पीवर घेतली की खालची जागा मोकळी राहते. कुंड्या जमिनीवर रांगेनं मांडल्या तर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या एका कोपऱ्यात चढत्या घडवंचीवर घ्याव्यात. कठड्याच्या बाहेर एकही कुंडी लटकवू नये, खाली माणसं चालतात. पाण्याचा एक नळ बाल्कनीत आणला तर झाडं जगतात; स्वयंपाकघरातून तांब्या तांब्या पाणी नेणारा उत्साह उन्हाळ्यात टिकत नाही.

गच्चीचं वजन

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी आधी वजन मोजावं. माणसांच्या वावरासाठी असलेल्या गच्चीच्या स्लॅबचा आराखडा करताना भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, इतका चलभार धरतात. एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते. म्हणजे गच्चीभर मातीचे वाफे करणं धोक्याचं आहे. वजनदार कुंड्या तुळई आणि खांबांवर येतील अशा कडेनं ठेवाव्यात, मध्यभाग हलका ठेवावा, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय काहीच चढवू नये.

मातीचं वजन कमी करण्याची विद्या महाराष्ट्रातच घडली आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या चळवळीतून शेतकऱ्यांना आणि शहरवासीयांना पालापाचोळ्यातून माती घडवायला शिकवलं. पानांनी किती ऊन पकडलं याचा हिशेब मांडायची सवय लावली. त्या विचारातून पुढं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली. पद्धत सोपी आहे. सुका पाला, उसाचं चिपाड किंवा नारळाच्या शेंड्या खाली, त्यावर स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडं शेणखत, वर मातीचा पातळ थर. असं पीप भरलं की ते नुसत्या मातीच्या पिपापेक्षा पुष्कळ हलकं राहतं, पाणी धरून ठेवतं आणि घरातला कचरा तिथंच जिरतो. सुरुवात पालेभाजी, मिरची, वांगी, कढीपत्ता आणि शेवंतीनं करावी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी तपासावं, आणि पिपं विटांवर उचलून ठेवावीत, म्हणजे खालचं पाणी वाहून जातं आणि कोपरा झाडता येतो.

भीती घालवायची व्यवस्था

अंगण ओस पडण्याचं एक कारण भीती असतं, आणि ती खोटी नसते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. म्हणून कुंड्यांखालच्या बशा, पक्ष्यांचं पाणी, झाकण नसलेली पिंपं आठवड्यातून एकदा कोरडी करायची. वार ठरवून टाकला की विसर पडत नाही.

चिऱ्यांचा ढीग, लाकडांची रास आणि पालापाचोळा भिंतीला लागून ठेवला की विंचू आणि साप घरालगत येतात. कोकणात फुरसं आणि लाल विंचू दोन्ही आहेत. लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत, तेव्हा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्या विषाचा हृदयावरचा परिणाम अभ्यासला. १९८२ साली त्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि पुढं प्राझोसिन या औषधाच्या वापरानं असंख्य जीव वाचले. औषध आहे म्हणून गाफील राहायचं नाही. लाकडं जमिनीपासून फूटभर उंच मांडावीत, भिंतीपासून चार हात दूर. रात्री वाटेवर दिवा हवा, आणि तो पिवळसर असावा. पांढऱ्या निळसर उजेडाला किडे जास्त येतात, किड्यांमागं बेडूक आणि बेडकांमागं साप. चावा झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा.

किनाऱ्यावर आता वादळाचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि रायगड-उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरांवरचे आणि अंगणांवरचे पत्रे उडाले. पत्र्याचा मांडव करणाऱ्यानं खांब काँक्रीटमध्ये रोवावेत, पत्रे जे-हुकनं घट्ट बांधावेत आणि मे अखेरीला प्रत्येक हूक हातानं तपासावा. शेडनेट मात्र वादळाची सूचना येताच उतरवायचं.

वर्षभर बघून मग हात

नवं घर घेतलेल्यांना माझं सांगणं असं: पहिल्या वर्षी बाहेरच्या जागेवर मोठा खर्च करू नका. एक दोरी, दोन साध्या खुर्च्या, एक बादली आणि झाडू एवढ्यावर वर्ष काढा. मेमध्ये चार वाजता ऊन कुठपर्यंत येतं, जुलैत पाणी कुठं साचतं, डिसेंबरात सकाळी ऊन कुठं मिळतं, वारा कोणत्या बाजूनं शिरतो, शेजारच्या घरातून कुठून दिसतं, हे सगळं त्या वर्षात कळतं. घरातलं कोण कोणत्या कारणानं बाहेर येतं, तेही कळतं. मग आधी उतार आणि पाणी, मग सावली, मग पायाखालची जमीन, मग बसायचा कट्टा, आणि सगळ्यात शेवटी झाडं आणि शोभा, असा क्रम लावा. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात आणि पैसा दोनदा घालवतात.

आणि त्यानंतरही काम संपत नाही, हे मनाशी धरा. खळं दर वर्षी नव्यानं करावं लागतं, तसंच गच्चीतली माती दर वर्षी हलवावी लागते, जाळी बदलावी लागते, वेल छाटावी लागते, फरशीवरचं शेवाळ घासावं लागतं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे घराच्या आतली साफसफाई आपण करतोच. बाहेरच्या जागेलाही त्यात एक पूर्ण दिवस द्यावा, आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी असावं, पुरुषांच्याही आणि मुलांच्याही. सोसायट्यांनी हाच दिवस सामाईक गच्चीसाठी ठेवावा. कुलूप लावलेल्या गच्च्या या शहरांतली सर्वांत मोठी वाया गेलेली मोकळी जागा आहे. गळती आणि भांडणांच्या भीतीनं लावलेली ती कुलपं नियम ठरवून उघडता येतात: अमुक वेळेत वाळवण, अमुक कोपऱ्यात पिपं, संध्याकाळी मुलं, रात्री दहानंतर शांतता. ही चार वाक्यं सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. एखाद्या सभासदानं विषय काढला तरी पुरे आहे.